धोंडाबाईची चिमूट

हसाजी चिंचोटकरला जाऊन अकरा महिने झाले होते, तरी त्या रविवारी दुपारी तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीवर खोटं बोलत होता. आणि तेही इतकं रंगून, की बघणाऱ्याला वाटावं, मेल्यावर या माणसाचा घसा जरा मोकळाच झालाय.

जळोचीच्या त्या घरात सकाळी त्याच्या नावाची प्रार्थना झाली होती. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. बारामतीत बेने इस्राएलांपैकी, म्हणजे मराठी यहुद्यांपैकी, उरलेला पुरुष एकच, हसाजीचा मुलगा बेंजामिन, आणि त्याचंही पंपाचं दुकान इंदापुरात असल्यामुळे तो आठवड्यातले पाच दिवस तिकडंच. बाकीचे नऊ जण पुण्याहून दोन गाड्यांतून आले, प्रार्थना केली, पोह्या-गुळाचा मलिदा खाल्ला आणि उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर यायच्या आत निघायचं म्हणून बारालाच उठले. त्या सगळ्यांच्या लेखी हसाजीची बायको द्वारकाबाई ही रिबेकाबाई होती. बावन्न वर्षं होती. हसाजी तेवढा दार लावल्यावर तिला द्वारका म्हणायचा. आता दार लावलं तरी घरात तसं म्हणणारं कुणी नव्हतं.

हसाजी थापा मारायचा असं सांगणं म्हणजे नीरेचं पाणी ओलं आहे असं सांगणं. तो डिझेल इंजिनांचा मिस्त्री. बाप दौंड-बारामतीच्या छोट्या गाडीवर गार्ड होता, आणि हसाजीच्या म्हणण्याप्रमाणे ती गाडी इतकी सावकाश चालायची की त्याचा बाप जाताना रुळाकडेला मटकी पेरायचा आणि येताना शेंगा तोडायचा. आकाशातून फिरणाऱ्या यहुद्यांच्या एलियाहू नबीच्या रथाचा आस मोरगाव फाट्यावर मोडला तेव्हा तो यानंच जोडून दिला होता; नबी चहा पिऊन गेले, साखर कमी आहे म्हणाले. अशा माणसाचं लग्नही एका थापेवर उभं राहिलं, यात नवल ते काय.

खरी हकीकत एवढीच. बहात्तरच्या दुष्काळात हसाजी लोणी भापकरला एका विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करायला गेला. विहिरीत पाणी नव्हतं, पण इंजिन सुरू झालं की पाणी येईल अशी विहीरमालकाची समजूत होती. इंजिन तीन दिवस चाललं. पाणी आलं नाही, मालकाची मुलगी द्वारका मात्र त्याच्याबरोबर गेली. लोणीत बापानं ती मेली असं धरून तिच्या नावानं आंघोळ केली. इकडं हसाजीनं आपल्या कोकणातल्या नातेवाइकांना सांगितलं, की पोरगी आपल्यातलीच, नवगावची, आईबाप समुद्रात बुडाले. आईचं नाव मिल्काबाई. बापाचं नाव तो दर वेळी वेगळं सांगायचा, पण यहुद्यांत सगळं आईवरून धरतात. आई यहुदी तर पोर यहुदी. म्हणून बापाच्या नावाकडं कुणी फार लक्ष दिलं नाही.

आणि आता तीच थाप टीव्हीवर चालली होती, खाली इंग्रजी अक्षरांसकट.

फिल्म नोआची. नोआ म्हणजे द्वारकाबाईच्या मुलीची, एस्तेरची मुलगी. एस्तेर लग्न करून इस्राएलात अश्दोदला गेली ती तिकडचीच झाली, आणि नोआ तिकडंच जन्मली, शिकली, फिल्मा काढायला लागली. तिकडं म्हणे यहुदी घरांवरच्या फिल्मा दर वर्षी डझनांनी निघतात. कुणाची आजी पोलंडची, कुणाची मोरोक्कोची. जुनी पेटी उघडायची, फोटो हातात धरायचा, आपण कोण नि कुठून आलो ते विचारायचं. बारामतीची आजी कुणाकडंच नव्हती. म्हणून गेल्या हिवाळ्यात नोआ कॅमेरा घेऊन आली, आजी-आजोबांच्या मागं तीन आठवडे फिरली, आणि ती परत गेल्यावर पंधरा दिवसांत हसाजी गेला. आता जवळजवळ पुरी झालेली फिल्म घेऊन ती आईबरोबर आली होती. आधी घरच्यांना दाखवायची, मग जगाला.

बघायला माणसं पाच. खुर्चीवर द्वारकाबाई. सोफ्यावर एस्तेर, अंग चोरून. दाराच्या चौकटीला टेकून बेंजामिन. लॅपटॉपपाशी जमिनीवर नोआ. आणि कोपऱ्यात, स्वतः आणलेल्या ज्वारीच्या पोत्यावर, ज्वारीवाले रामहरीमामा.

रामहरीमामांना सगळेच मामा म्हणत. दर वर्षी लोणीहून यष्टीनं ज्वारी घेऊन येणारा म्हातारा, त्याला दुसरं काय म्हणणार? नोआही मामा म्हणायची. तो द्वारकाबाईचा सख्खा धाकटा भाऊ आहे, हे त्या खोलीत चौघांना माहीत होतं आणि पाचवी फिल्म दाखवत होती.

"तिची आई मिल्काबाई," टीव्हीतला हसाजी सांगत होता. "आपली सात जोडपी जिथं जहाज फुटून किनाऱ्याला लागली ना, त्या नवगावची. दर्यानं आई घेतली, पोर तेवढी परत दिली."

"दर्यानं लोणीपर्यंत आणून सोडली," रामहरी पुटपुटला. "आमच्याकडं टँकर येत न्हवता त्या साली."

बेंजामिननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग मागच्या अंगणातली चूल आली. पडद्यावर द्वारकाबाईचे हात. परातीत ज्वारीचं पीठ, गरम पाणी, मळणं. पहिली भाकरी थापायच्या आधी त्या हातांनी पिठाची चिमूट तोडली आणि जाळात टाकली. नोआनं ते अगदी हळू करून दाखवलं होतं. चिमूट बोटांतून सुटली, निखाऱ्यावर पडली, काळी झाली, फुगली, विझली. द्वारकाबाईनं आपले हात इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. ते तिला तिच्या आईचे वाटले.

मग एक दाढीवाले विद्वान आले, पाठीमागं पुस्तकांची भिंत. ते हिब्रूत बोलले, नोआनं मराठीत सांगितलं. यहुद्यांचं मोठं मंदिर होतं त्या काळी कणकेचा एक वाटा पुरोहिताला काढायचे. मंदिर पडलं, तेव्हापासून तो वाटा बायका आगीत टाकतात. आणि बघा, जगाच्या दुसऱ्या टोकाला, ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, तरी एका खेडवळ बाईच्या हातांना ते आठवतंय. नियमानं ज्वारी त्यात धरत नाहीत. पण गहू नसेल तिथं या गरीब लोकांनी ज्वारीलाच तो मान दिला असावा. विद्वानांचे डोळे भरून आले. फिल्मचं नावच त्या चिमटीवर होतं.

"दोन हजार वर्षांचं आहे ते," टीव्हीतला हसाजी म्हणाला, आणि द्वारकाबाईनं ओळखलं. ही त्याची डोळा मारायच्या आधीची तिरकी मान होती. नोआनं बरोबर तिथंच चित्र कापलं होतं.

रामहरीला आधी हसू आलं. मग खोकला. मग तो खोकतच उठला आणि मागच्या दारानं अंगणात गेला.

फिल्म संपली. नोआ वळली. तिचं मराठी आईकडून ऐकून शिकलेलं, थोडं जुनं, थोडं अडखळतं.

"आजी, कशी वाटली?"

"आजोबा लई छान दिसतो," द्वारकाबाई म्हणाली.

"एकच जागा राहिली आहे. मी विचारते, हे तुला कोणी शिकवलं? आणि तू सांगतेस. पण त्याच वेळी रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, स्पीकर लावून. तुझं काहीच ऐकू येत नाही. मला तेवढं एक वाक्य परत पाहिजे. आज, चुलीजवळ. संध्याकाळी आम्हाला मुंबईला निघायचं आहे."

"दोन शब्द तर आहेत," एस्तेर घाईनं म्हणाली. "मिल्काबाईनं शिकवलं. तू म्हण ना तसं, आई. झालं."

"असं नाही, आई," नोआ म्हणाली. "मी कोणाच्या तोंडात शब्द घालत नाही. आजी जे सांगेल ते."

ती वायरी गोळा करायला बाहेर गेली, आणि एस्तेरनं आईला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. बेंजामिन मागोमाग आला.

"तेव्हा काय सांगितलं होतंस गं? ट्रॅक्टर गेला तेव्हा?"

"आईचं नाव."

"कुठल्या आईचं?"

"मला काय दोन हायत?"

एस्तेरनं ओट्यावरचा चमचा उचलला, परत ठेवला. "ऐक. जूनमध्ये तिचं लग्न आहे. मुलगा चांगला आहे, पण त्याचे आजोबा तिथल्या धर्मपीठावर बसतात. सोवळ्याचं घर आहे. फिल्म पहिल्यांदा लागेल तेव्हा पहिल्या रांगेत तेच बसणार आहेत. तू लोणीची निघालीस तर मी कोण? मी यहुदी नाही, तर नोआ कोण? लग्न लावून देणारच नाहीत. जन्मली तिथंच तिला परकी ठरवतील."

"मग कळल्यावर तिला रीतसर घेता येतं आत," बेंजामिन म्हणाला. "धर्म शिकायचा, विधी करायचे. पुण्याचे काका सांगत होते सकाळी."

"पुण्याच्या काकांना काय जातंय सांगायला. वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर तो मुलगा थांबेल, त्याचं घर थांबेल?"

"आणि आईनं बावन्न वर्षं धर्म पाळून शनिवारी चूल पेटवली नाही, ते धरायचंच नाही का कुणी?"

"मी धरते. ते धरणार नाहीत." एस्तेरचा आवाज खाली आला. "तू इथं राहिलास, बेंजू. तुला कुणी कागद मागत नाही. इथं सगळ्यांना माहीत आहे तू पंपवाला. तिकडं पहिली वीस वर्षं मला विचारायचे, इंडियात यहुदी असतात? मी तुझ्या चिमटीची गोष्ट सांगायचे, आई. लोक गप्प बसायचे."

मुलगी रडत नव्हती, याचं द्वारकाबाईला जास्त वाईट वाटलं. हिनं वीस वर्षं त्या चिमटीवर घर उभं केलं होतं आणि आईला कधी कळू दिलं नव्हतं.

"तू बोल काय ते, आई," बेंजामिन म्हणाला. सकाळपासून तो बहिणीच्या बाजूनं होता. फिल्म बघून फिरला होता. "पप्पांनी त्यांना पाहिजे ते सांगितलं. तुझं तू सांग."

"तुझ्या बापानं मला काय मारलं न्हाय," ती म्हणाली. "संबाळलं. खोटं बोलला ते मला ठेवून घ्यायला."

"मी कुठं काय म्हणतोय."

ती मागच्या दारानं अंगणात गेली. रामहरी चुलीपाशी उकिडवा बसून काटक्या मोडत होता. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं चूल पेटवायला घेतली होती.

"अक्का," तो वर न बघता म्हणाला, "आपली आई जेजुरीच्या पलीकडं गेली न्हाय कधी. त्या दाढीवाल्यानं तिला पार देशोधडीला लावली की."

"हसलास का रं?"

"मग काय करू?" त्यानं फुंकर घातली. "तिला इचारलं हुतं मी ल्हानपणी, आये, चुलीत कशाला टाकतीस, मला दे की. म्हनली, आधी जाळाला, त्यो बी राबतोय की सकाळपासनं. बास. एवढाच तिचा धरम."

द्वारकाबाई दगडावर बसली. आई गेली ते साल एक्याऐंशी. रामहरी ज्वारीचं पोतं घेऊन अवेळी आला होता, पावसाळ्यात. घरात कोकणातले पाहुणे होते. त्यानं ओसरीवर पोतं टेकवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, औंदा म्हातारी खपली, बाई, म्हणून लवकर आलो. पाहुण्यांनी ज्वारीवाल्याच्या म्हातारीबद्दल चुकचुक केली. द्वारकाबाईनं त्याला पाणी दिलं. तिला रडता येईना, कारण हसाजीच्या गोष्टीत तिची आई आधीच समुद्रात बुडून गेली होती, आणि एक आई दोनदा कशी मरणार? त्या दिवशीही तिनं भाकरी केली. चिमूट टाकली. नंतर कधीतरी तिच्या लक्षात आलं, की नाव गेलं, माहेर गेलं, देव गेले, त्याचं काही वाटेनासं झालं. दिवसातून दोनदा आई चुलीपाशी येते, तेवढं पुरतं. बाकीचं सगळं तिनं राजीखुशीनं दिलं होतं. ही चिमूट कुणी मागितली नव्हती. आज मागत होते.

"तुजं काय म्हननं हाय, रामहरी?"

"माजं इचारू नको."

"इचारते."

त्यानं काटकी जाळात सारली. "पोरीचं लगीन मोडंल व्हय?"

"एस्तेर म्हणती."

"मग नको नाव घिऊ. आईला काय, ती गेली. ती असती तर पोरीकडनंच बोलली असती. पर मला बरं न्हाय वाटायचं, अक्का. खोटं कशाला बोलू."

नोआ आली. तिनं आजीच्या पदराला काळा, चिंचोक्याएवढा माइक लावला, स्वतःच्या कानांवर हेडफोनचे मोठे डबे चढवले आणि समोर बसली. रेकॉर्डिंगचं यंत्र मांडीवर. एस्तेर आणि बेंजामिन दारात उभे राहिले. परात पुढ्यात होती. द्वारकाबाईनं पीठ घेतलं, पाणी ओतलं. हात आपापले चालले. गोळा झाला, चिमूट तुटली, जाळात पडली.

"आजी," नोआ म्हणाली, "हे तुला कोणी शिकवलं?"

"आईनं."

"तिचं नाव सांग."

दारातून एस्तेरच्या बांगड्या वाजल्या. द्वारकाबाईनं मान वर केली नाही. तिनं दोन्ही नावं तोंडात घोळवून पाहिली. एक सोपं होतं, बावन्न वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. दुसरं तिनं एक्याऐंशीपासून मोठ्यानं उच्चारलंच नव्हतं, ट्रॅक्टरच्या आवाजात एकदा सोडलं तर. समोर नात तिच्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात थाप नव्हती. बावन्न वर्षांत कुणी तिला तिच्या आईबद्दल असं विचारलं नव्हतं.

"धोंडाबाई," ती म्हणाली. "धोंडाबाई भापकर. लोणीची. काळी हुती, उंच हुती. रागीट लई. भाकरी अशी थापायची की आवाज शेजारच्या आळीत जायचा. माजं लगीन झालं तवा माज्या नावानं आंघोळ केली बापानं. आईनं न्हाय केली. तीन दिस तशीच पारुशी बसली. ह्या रामहरीनं सांगितलं मला. ह्यो माजा भाऊ हाय. सख्खा. आईनं चिमूट टाकायला शिकवलं, कारन जाळ बी राबतो. समुद्र तिनं बगितला न्हाय. मी बी न्हाय बगितला."

बोलून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की हातातला पिठाचा गोळा जड लागला.

नोआ हलली नाही. मग हळूच तिनं डोकं वळवलं आणि दारात उभ्या आईला हिब्रूत काहीतरी विचारलं. छोटंसंच. एस्तेरनं तितक्याच छोट्या शब्दात उत्तर दिलं. हिब्रू न येणाऱ्यालाही कळावं असं.

नोआनं यंत्राकडं पाहिलं. त्यावरचा लाल दिवा गुंजेएवढा, लखलखीत जळत होता. तो रामहरीला दिसत होता, बेंजामिनला दिसत होता, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या द्वारकाबाईलाही दिसत होता.

"आजी," नोआ म्हणाली. "सॉरी. रेकॉर्ड नाही झालं. बटण दाबायचं राहिलं माझ्याकडून."

"अगं, दिवा तर—" बेंजामिन म्हणाला.

द्वारकाबाईनं पिठाचा हात वर करून त्याला थांबवलं.

पोरगी यंत्राकडंच बघत होती. तिचे कान लाल झाले होते. हसाजीचे व्हायचे तसेच. मात्र हसाजी थाप मारताना खूश असायचा, आणि ही पोर आयुष्यातली पहिली थाप मारत असावी. सत्तावीस वर्षांची. आत्ता पाच मिनिटांपूर्वीपर्यंत आपण कोण हे तिला पक्कं माहीत होतं. द्वारकाबाईला एकदम आठवलं, आपण हसाजीच्या सायकलवरून लोणीची वेस ओलांडली तेव्हा आपलंही तोंड असंच झालं असणार, आणि ते बघायला कुणी नव्हतं.

"परत सांगशील?" नोआनं विचारलं. या वेळी तिनं बटण दाबल्यासारखं केलं. "हे तुला कोणी शिकवलं, आजी?"

एस्तेर दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचे ओठ हलत होते. मिल्काबाई, मिल्काबाई. रामहरी जाळाकडं तोंड करून बसला होता, बहिणीकडं पाठ.

द्वारकाबाईनं गोळा थापून भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. घाई केली नाही.

"आठवत न्हाय, बाळा," ती म्हणाली.

"आईनं?"

"असंल. आता आठवत न्हाय."

"नाव?"

"नाव बी न्हाय. लई वर्सं झाली. हाताला ठावं हाय, मला न्हाय."

नोआच्या डोळ्यांतून पाणी यंत्रावर पडलं. ते तिनं बाहीनं पुसलं. विद्वानांना हे वाक्य त्या चिमटीहूनही आवडणार होतं, आणि पुढं तसं झालंही.

या खेपेला काही चुकलं नाही. एका दमात, जाळाच्या आवाजासकट, सगळं स्वच्छ उतरलं.